उजवी खुर्ची

विमान जागेवर लागलं की बंद करायच्या गोष्टींची यादी सहवैमानिकानं वाचायची आणि उत्तरं कॅप्टननं द्यायची. आज तिनं कार्ड उघडलं, पण वाचेना.

"निवृत्तीचं वय सदुसष्ट झालं, सर. सकाळीच बातमी आली."

"हो. नाहीतर सोमवारी माझा पासष्टावा वाढदिवस, आणि मंगळवारपासून घरी भाजी निवडत बसलो असतो."

"म्हणजे अजून दोन वर्षं कॅप्टनची डावी खुर्ची तुमची आणि ही उजवी माझी. अभिनंदन."

"अभिनंदन करताना तोंड एवढंसं का गं?"

ती हातातल्या कार्डाकडे वळली.

"मी राहतोय ते शिकवण्यासाठी. नव्या कॅप्टनला शिकवणारा उजवीकडे बसतो. आज तुझं नाव मंजूर झालं. सोमवारपासून तू इकडे, मी तिकडे."

त्यानं तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं, "पार्किंग ब्रेक?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"उत्तर कॅप्टननं द्यायचं असतं," तो म्हणाला. "थांबलोय मी."