दोन निळे तुकडे

"हे रंग सारखे आहेत की वेगळे, सांगा बाई," असं म्हणत शेठनी निळ्या कापडाचे दोन तुकडे माझ्यापुढे टाकले. कारखानदारांच्या बैठकीत हेच शेठ मला मॅडम म्हणायचे. तीन महिन्यांपूर्वी मी दिवाळखोरीचा अर्ज केला, माझा कापड रंगवायचा कारखाना गेला, आणि आता मी त्यांच्याकडे नोकरी मागत होते.

ट्यूबलाइटखाली दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. "उन्हात नेऊन बघते," मी म्हणाले.

"नको. दिवाळखोर माणूस एकदा बाहेर गेला की परत येत नाही." शेजारी उभे असलेले त्यांचे रंगमास्तर हसले.

मी चपला काढून शेठच्या टेबलाखाली सरकवल्या. "या राहू द्या तारण."

मे महिन्यातल्या दुपारी बाहेरच्या तापलेल्या फरशीवर एक पाय टेकवत, दुसरा उचलत मी तुकडे शेजारी शेजारी धरले. एकावर तांबूस झाक होती, दुसऱ्यावर नव्हती.

"वेगळे आहेत," आत येऊन मी सांगितलं. "गिऱ्हाइकाने हा माल परत पाठवला असणार."

मास्तरांचं हसू गेलं. शेठनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चूक कुठे झाली?"

"ते नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर सांगेन."

शेठनी पायानेच माझ्या चपला माझ्याकडे ढकलल्या. "उद्या आठला या, बाई. पत्र तयार असेल."

भाजलेल्या तळव्यांनी मी चपला घातल्या. उद्या मी सहज पायातून न निघणारे, नाडीचे बूट घालून येणार होते.