बर्फातली चौकशी

वैजनाथराव बर्फात पडले होते आणि लांडगे जवळ येत होते.

बाकीची टोळी केव्हाच पुढे निघून गेली. नवशिक्या तिरंदाजासाठी कोण थांबतंय? पण खिंडीच्या तोंडाशी एक सरदार वळला. एकटाच मागे आला, लांडगे अंगावर घेतले आणि हात देऊन त्यांना उठवलं. पडद्याच्या कोपऱ्यात रोमन अक्षरांतली मराठी उमटली : 'काका, घाई नाय. तुमी या सावकाश, मी हाय.'

गारखेड्यातल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, संगणकासमोरच्या खुर्चीत वैजनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"पद्मजा, पोरगा सोन्यासारखा आहे गं."

"लग्न पोरीचं अन् घोड्यावर बाप," स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं.

स्थळाची चौकशी करावी तर वैजनाथरावांनीच, असा भावकीत त्यांचा लौकिक. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. किराणा दुकानदार असो, जुना घरमालक असो, दगडालाही बोलतं करायचे. पण वैदेहीला सांगून आलेला देवेश सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहणारा, बिडकीनच्या कारखान्यात इंजिनिअर. शेजाऱ्यांना विचारावं तर म्हणत, "चांगला आहे, लिफ्टमध्ये भेटतो." लिफ्टमध्ये वाईट कोण असतं?

संक्रांतीनंतर बघण्याचा कार्यक्रम झाला. पोह्यांची बशी बाजूला ठेवून देवेशनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. काळं चिलखत, तांबडा घोडा. अग्निदुर्ग नावाच्या खेळातला त्याचा सरदार, रणकेसरी. कॉलेजात असल्यापासून वाढवलेला. "आता कुठे वेळ मिळतो म्हणा," तो हसून म्हणाला. सासरच्यांसमोर कुठला मुलगा खेळतो म्हणून कबूल करील? वैजनाथरावांनी नाव तेवढं ध्यानात ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी खोट्या नावानं, वय तेवढं खरं टाकून, त्या खेळात शिरले.

त्यांचा हिशेब सरळ होता. पाहुण्यांपुढे माणूस मुखवटा लावून बसतो. पण जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, हातात तलवार आहे आणि समोरचा दुबळा आहे, तिथे माणूस जसा असतो तसाच दिसतो.

त्यांनी रणकेसरीला छळ छळ छळलं. मुद्दाम वाट चुकले, त्याच्या वाट्याची लूट उचलली, ऐन लढाईत नको तिथे बाण मारले. पठ्ठ्या एकदाही चिडला नाही. प्रत्यक्षात पुणेरी वळणाचं बोलणारा देवेश इथे 'लई' आणि 'व्हय' लिहायचा, याचंही वैजनाथरावांना कौतुकच वाटलं. घराणं मूळचं कन्नड तालुक्यातलं. मुखवटा उतरला की माती बोलते, असं ते पद्मजाबाईंना ऐकवत.

वैशाखात लग्न झालं. चौकशी संपली, पण खेळ काही सुटला नाही. जिना चढताना दोनदा टेकणारा म्हातारा तिथे बर्फाचे कडे चढत होता. निवृत्त झाल्यापासून त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. तिथे रोज संध्याकाळी खिंडीशी एक घोडेस्वार थांबलेला असे. जावयाला खरं सांगितलं असतं तर मानपान मध्ये आले असते आणि ही दोस्ती गेली असती. म्हणून ते गप्प राहिले. घरचं काही विचारायचं नाही, हा तर तिथला रिवाजच.

वैदेहीचे फोन हळूहळू आखूड झाले.

"पोरीचा आवाज बरा वाटत नाही मला," पद्मजाबाई म्हणाल्या.

"तू उगीच काळजी करतेस. काल तासन् तास माझ्यासोबत होता तो. काही बिनसलं असतं तर मला कळलं नसतं?"

श्रावणात एका दुपारी वैदेही रिक्षानं एकटीच आली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. आईला म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. वडिलांजवळ बसल्यावर मात्र तिला रडू फुटलं.

"त्यानं पिरगाळला, बाबा. भाजीत मीठ कमी होतं म्हणून. मला तिकडं नका पाठवू."

क्षणभर वैजनाथरावांना सगळं खरं वाटलं. मग तो बर्फातला हात आठवला आणि जीव भांड्यात पडला.

"झटापटीत लागलं असेल, बेटा. तो तसा नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो मी त्याला," ते म्हणाले. यापुढे सांगायची त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी देवेश कारखान्यातून परस्पर आला. चहा घेतला, मान खाली घालून बसला. "माझंच चुकलं, बाबा. यापुढे जपेन." पद्मजाबाई दारात उभ्या होत्या. देवेशनं कप ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत वैदेही उठून उभी राहिली. तिची बॅग वैजनाथरावांनी स्वतः खाली नेली, गुडघे दुखत असताना. गाडीत बसेपर्यंत ती वडिलांकडे बघत होती.

वर आल्यावर त्यांना घरात करमेना. पद्मजाबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. त्यांनी संगणक सुरू केला आणि चकित झाले. खिंडीशी रणकेसरी हजर होता.

'काका, आज लई उशीर केला.'

वैजनाथरावांचं डोकंच फिरलं. जालना रोडवर एवढी गर्दी आणि हा मोबाईलवर खेळतोय? सगळी लाज बाजूला ठेवून ते एका बोटानं टाइप करू लागले. 'देवेशराव, मी वैदेहीचा बाबा. गाडी चालवताना खेळू नका. ती शेजारी बसली आहे.'

सरदार घोड्यावरून खाली उतरला. मग अक्षरं उमटली.

'गाडी कसली, काका? मी बन्सी, पिशोरला घरीच हाय. ह्यो रणकेसरी मागल्या दिवाळीत एका इंजिनिअरकडून इकत घेतला म्या. वैदेही कोण?'