कंटाळलेल्यांची यादी

"माझ्या मुलाला मेसेज पाठवायचं का बंद केलंत?"

बाईंनी बसायच्या आधीच विचारलं. साठीच्या होत्या, सकाळच्या बोटीने कर्कना बेटावरून सफाक्स शहरात आलेल्या. खाली चष्म्याच्या दुकानातल्या पोरींनी बाईंना दुसऱ्या मजल्यावर पिटाळलं होतं. बाईंनी रुमालातून एक जुना, बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला.

"मी मबरूका. विसेमची आई."

नझीहाने नंबर विचारला. दुकानाच्या सतरा शाखांचे मेसेज एक मशीन आपोआप पाठवायचं. कोणाला पाठवायचे नाहीत त्यांची यादी सांभाळणं, हे नझीहाचं काम. चार वर्षं ती तेच करत होती. सुरुवातीला लोकांच्या शिव्या मनाला लागायच्या, आता त्याही लागत नव्हत्या.

पडद्यावर नाव आलं. विसेम सूइसी. नोंद तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची. कळवणारे, वडील. कारण, मयत.

तिला तो फोन आठवला. म्हातारा माणूस होता. मुलगा रात्रीच्या होडीत बसून इटलीला निघाला, दीड वर्ष झालं, पत्ता नाही, आता मेसेज नकोत, एवढं बोलला. तिने कारण विचारलं. यादीत चारच कारणं होती: कंटाळा आला, नंबर चुकीचा, नंबर बदलला, मयत. म्हातारा गप्प बसला. कारण विचारल्यावर गप्प बसणारे लोक एकाच प्रकारचे असतात, हे तिला सवयीने पाठ होतं. तिने ते कारण निवडलं आणि पुढचा फोन घेतला.

तिने पडदा जरासा स्वतःकडे वळवला.

"काय करायचेत ते मेसेज, मावशी? चष्म्याची जाहिरात नुसती."

"जाताना हा फोन माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, पोचलो की ह्याच नंबरवर करतो. दर शनिवारी दहाला तुमचा मेसेज वाजायचा. शेजारची पोर वाचून दाखवायची, विसेम साहेब, डोळे तपासून घ्या. म्हणजे फोन चालू आहे, हे मला कळायचं. आता तीन शनिवार झाले, वाजला नाही."

"मग त्या पोरीलाच सांगायचं ना, वाजवून बघ म्हणून."

"वाजवते की. पण ती मला बिचारी समजून वाजवते. तुमच्या मशीनला माझी कीव येत नव्हती."

नझीहाला स्वतःला कीव येत होती का, तर नाही. काहीच येत नव्हतं. त्याची मात्र थोडी लाज वाटली.

पलीकडच्या टेबलावर तिचा साहेब, लमजद, याने आपल्या पडद्यावर तीच नोंद उघडली होती. तो मान न वळवता म्हणाला, "नझीहा, मयतवाल्यांना परत बाहेर काढता येत नाही. मशीन घेत नाही ते."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने कॉफीचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

बाई नझीहाकडे वळल्या.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नाव सांगायची परवानगी नाही, मावशी."

"त्याच्या बापाने," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. "मध्ये एका गुरुवारी तासभर तोंड धूत होते. मला म्हणाले, दाढ दुखतेय. मी लवंग दिली."

"ते मयत म्हणाले नव्हते." नझीहाने हे का सांगितलं, तिलाच कळलं नाही. न सांगता चाललं असतं. "मी कारण विचारलं, ते बोललेच नाहीत. मी लिहिलं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती जण आहेत त्या यादीत?"

"एकोणीस हजार."

"सगळे मेलेले?"

"नाही हो. बहुतेकांना नुसता कंटाळा आलेला असतो."

"मग तेच लिही. त्याला इथला कंटाळाच आला होता."

नझीहाने लमजदकडे पाहिलं. ज्याने नोंद केली त्यानेच ती चुकली असं स्वतःच्या नावावर लिहून दिलं, तर कारण बदलता यायचं. एवढी एकच वाट होती, आणि चार वर्षांत ती त्या वाटेने एकदाही गेली नव्हती. लमजदने खांदे उडवले. तिने चूक स्वतःच्या नावावर घेतली, कारण बदललं आणि पडदा बाईंकडे वळवला. बाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी वाकून पाहिलं.

"हा तो?"

"हा तो. आता सोपं आहे, मावशी. कंटाळलेल्यांना परत येता येतं. त्यांच्या फोनवरून नुसतं 'हो' असं पाठवायचं. फोन द्या इकडे, मी पाठवते. येत्या शनिवारी दहाला वाजेल बघा."

तिने हात पुढे केला. बाईंनी फोन आधीच ओढून घेतला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "बाप त्याच्या वतीने बोलला. तू त्याच्या वतीने लिहिलंस. 'हो' तेवढं त्याचं त्याला म्हणू दे."