आईची बशी

त्या मंगळवारी सकाळी आई दवाखान्यातली रातपाळी संपवून आली आणि झोपायचं सोडून तिने एनर्जी ड्रिंकचा कॅन फोडला.

“पोटाची चाळण होईल, आई!” रेवती करवादली.

“तीस वर्षांत झाली नाही ती! तू जेवून ऑफिसला जा, मग झोपते.”

संध्याकाळी रेवती परतली, तेव्हा आई उठलीच नाही.

तेराव्याला ती आईच्या आतड्यातले जिवाणू घरी न्यायला जिवाणू जतन केंद्रात गेली. गेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी हल्ली सगळेच त्याच्या जिवाणूंची बशी ठेवत.

“ताई, आमच्या पोषकद्रवात ते मरताहेत,” तंत्रज्ञ मुजावर हळूच म्हणाले. “ही शेवटची बशी.”

रेवती खालच्या दुकानातून एनर्जी ड्रिंकचा कॅन घेऊन आली.

“अहो, कॅफीनने उरलेसुरलेही मरतील!”

“आईचे आहेत ते. तीस वर्षं रातपाळी करून ती हेच प्यायची. दोन थेंब घालून तर बघा.”

तासाभरात सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचे निपचित ठिपके वळवळू लागले. मुजावरांना हसू फुटलं. “बाई ड्यूटीवर हजर!”

रेवतीने बशी दोन्ही हातांत घेतली.

“रात्रभर राबून तू दिवसा माझ्यासाठी जागी राहायचीस,” ती मोठ्याने म्हणाली. “मला ते लहानपणापासून कळत होतं, आई.”