दुसरा पेला

शाळेच्या तपासणीला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी खिडकीतले दोन्ही पेले उचलले आणि मागच्या भिंतीशी उभे असलेले चिंतामण गुरुजी भिंतीला आणखी चिकटले.

दोन्ही पेले काचेचे. आतून टिपकागद लावलेला, आणि कागद नि काच यांच्यामध्ये पावट्याचे दाणे. पहिल्या पेल्यातल्या दाण्यांना बोटभर मुळं सुटली होती. दुसऱ्यातले दाणे तपकिरी, लिबलिबीत. टिपकागदही तपकिरीच.

अकरा वर्षं या शाळेत सृष्टिज्ञान म्हणजे चिंतामण गुरुजी. फळ्यावर रंगीत खडूंनी बी काढावं तर त्यांनीच. पोरं तो फळा पुसायला धजत नसत. चोपन्न सालच्या जूनमध्ये मालतीबाई आल्या. त्यांना धड चित्रही काढता येत नव्हतं. म्हणून त्यांनी मुकाट पावटे भिजत घातले, आणि सातवीचा वर्ग सुट्टीतही खिडकीला चिकटून राहिला. फळ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. गुरुजी आतून जळत होते. तपासणीत साहेब खूश झाले की सृष्टिज्ञान बाईंकडे जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. परवा दुपारी वर्ग रिकामा होता आणि हॉटेलातून आलेली चहाची किटली हातात होती. एका पेल्यात चहा ओतून झाला, तोवर घंटा वाजली.

बाईंनी तो पेला फेकला नाही. कपाटावर ठेवून दोन दिवस त्यालाही पाणी घालत राहिल्या, आणि गुरुजींना दोन दिवस घास गोड लागला नाही. आज सकाळी पेला पुन्हा खिडकीत, पहिल्याच्या शेजारी.

"हे काय हो बाई?" साहेबांनी विचारलं. "हा एवढा तरारलाय, आणि याची ही दशा?"

बाई उत्तर देणार तोच पहिल्या रांगेतली सारजा उठली. तिच्या घरचा वरकुट्याला बागायती मळा. बियाण्यातलं तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं सरळ पेल्याला नाक लावलं.

"सायेब, ह्यात कुनीतरी कढत च्या वतलाय. आंबूस वास मारतोय, अन् दानं शिजल्यात."

शाळेत चहा पिणारे गुरुजी एकटेच. चाळीस माना मागे वळल्या.

"बरोबर," मालतीबाई म्हणाल्या. "कल्पना गुरुजींचीच, साहेब. एकाला गार पाणी, एकाला कढत चहा. उगवलेलं बी तर मुलं शेतात रोज बघतात. ते का उगवतं हे कळायला न उगवलेलंही शेजारी हवं."

हे बोलताना त्यांनी गुरुजींकडे पाहिलं नाही.

"वा, चिंतामणराव!" साहेब म्हणाले. "इंदापुरापासून इथपर्यंत इतक्या शाळा तपासल्या, पण हे कुठं दिसलं नाही. या, पुढचा पाठ तुम्हीच घ्या."

गुरुजी पुढे आले. साहेबांनी दुसरा पेला त्यांच्या हातात दिला. अकरा वर्षांत एवढं कौतुक वाट्याला आलं नव्हतं, आणि आलं ते बाईंच्या हातून. राग जास्त की लाज जास्त, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"बी दिसायला खड्यासारखं असतं," ते म्हणाले. "पण आत जीव असतो. त्यावर काही कढत पडलं, की..." हात खडू शोधत खिशात गेला. खडू होता, पण तो त्यांनी बाहेर काढला नाही.

सारजानं हात वर केला.

"गुर्जी, तुमी च्या वतला, तवा त्येला मोड आला हुता का?"

गुरुजींनी पेला उजेडाकडे धरला. तपकिरी दाण्याला तांदळाच्या कणीएवढं टोक होतं. परवा होतं तेवढंच.

"आला होता," ते म्हणाले.