पापणीखालचा बुडबुडा

काकांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांची गिटार बनवली होती आणि तिच्यावर चित्र हवं होतं ते काकूच्या मिटलेल्या डोळ्याचं. काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो तिच्या दुपारच्या झोपेतला होता. स्टिकर बनवणाऱ्या पुतणीला नाही म्हणवेना.

तिने छापलेला कागद पाण्यात भिजवला, वरची पातळ फिल्म अलगद सरकवून लाकडावर बसवली आणि बोटाने पाणी निपटलं. पापणीखाली तेवढा एक बुडबुडा राहिला.

तिने तो दाबला, तर तो डावीकडे सरकला. बोट उचललं, तरी त्याचं आपलं चालूच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, स्वप्न पडत असताना झोपलेल्याचा डोळा फिरतो तसं.

"काका, टेबलावरचा हात काढा बरं, हलतंय ते."

"मी कुठे हात लावलाय? अगं, हवा राहिली असेल. सुईने टोच आणि मोकळी हो."

रोजचाच उपाय होता तो. तिने सुई घेतली आणि टोक पापणीजवळ नेलं. बुडबुडा जागच्या जागी थांबला.

आणि इंजेक्शन जवळ येताना पोरं डोळे मिटतात तसा, तो मिटलेला डोळा आणखी घट्ट मिटला.