नावाखालच्या दोन ओळी

मावशीचं टेकडीवरचं लॉज ओस पडलं होतं. इंटरनेटवर शोधलं की वेबसाइटच्या नावाखाली दिसायचं, ‘उत्तम खोल्या, माफक दर.’

भाची म्हणाली, “मावशी, असं तर सगळेच लिहितात. आपल्याकडे खरंच काय आहे?”

मावशी खिडकीशी जाऊन उभी राहिली. “धुकं उशाशी येऊन बसतं. आणि झोप लागते गं, लहानपणी लागायची तशी.”

भाचीने नावाखालच्या दोन ओळींत तेवढंच लिहिलं.

आठवडाभराने धुक्यातून एक बाई आली. खांद्यावर रडणारं तान्हं बाळ. तिने खोली पाहिली नाही, दर विचारला नाही.

“इथे खरंच झोप लागते?”

मावशीने अलगद बाळ आपल्या खांद्यावर घेतलं.

“लागते. तू जा, नीज. याला मी बघते.”